रात्रीची लाईट आणि तिसरा खर्डा

प्रकरण थोडक्यात असं. यावल तालुक्यातल्या एका मोठ्या गावात राहणाऱ्या, माध्यमिक शाळेत मराठी शिकवणाऱ्या ४७ वर्षांच्या बाई. २०२० च्या टाळेबंदीत त्यांनी वहीत कादंबरी लिहायला घेतली. पुढे टाइप झाली तेव्हा ती ९० हजार शब्दांच्या आसपास भरली. २०२३ च्या पावसाळ्यात प्रकाशकांनी परत पाठवली: विषय आवडला, बांधणी सैल आहे, एक तृतीयांश मजकूर कमी करून पुन्हा लिहा. तिथून पुढचं दीड वर्ष म्हणजे हे प्रकरण. मी जळगावात हस्तलिखितं वाचून देण्याचं काम करतो, त्या पत्रानंतर ही कादंबरी माझ्याकडे आली. बाईंच्या संमतीनं लिहितो आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना इथे ताई म्हणतो. त्या मला भाऊ म्हणतात, आपल्याकडे दुसरं कोणी काही म्हणतच नाही.

कादंबरी केळी बागायतदार घरातल्या तीन पिढ्यांच्या बायकांची. सुरुवात फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनापासून होते आणि नव्वदीच्या दशकात संपते. पहिल्या वाचनात मला दोन गोष्टी दिसल्या. संवाद अस्सल होते, आमच्या भागातल्या लेवा बोलीतले, कुठेही नटवलेले नाहीत. आणि काळाचा पत्ता अधूनमधून हरवत होता.

घरचं चित्र

यजमानांची सहा एकर केळी. शेतीची लाईट पाळीनं येते, कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रीची असली की ते अकरा-बाराला मोटर चालू करायला जातात. सातपुड्याच्या पायथ्याची शेतं, बिबट्याची धास्ती, शिवाय विंचूकाटा. त्यामुळे ते मळ्यात पोचल्याचा फोन येईपर्यंत ताईंना झोप नाही. सासूबाई ७८ वर्षांच्या, दोन्ही गुडघे गेलेले. मुलगा जळगावला होस्टेलवर, बारावी आणि नीटच्या तयारीला. शाळा सकाळी पावणेअकरा ते पाच, आणि त्यावर ऑनलाइन माहिती भरण्याचं ते न संपणारं काम, जे कुठल्याच वेळापत्रकात दिसत नाही.

हे मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण "वेळ कसा काढता?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे लिहिणाऱ्याची एक रिकामी खोली असते. इथे तशी खोलीही नव्हती. लॅपटॉप स्वयंपाकघराच्या ओट्यालगतच्या टेबलावर.

संमेलनाची घाई

९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला होणार असं ठरलं. अमळनेरला याआधीचं संमेलन १९५२ मधलं, म्हणजे तब्बल ७२ वर्षांनी मान आलेला. खान्देशातल्या लिहित्या माणसांत तेव्हा जी लगबग झाली ती पाहिलेल्यांना आठवत असेल. ज्याच्या कपाटात काही पडलं होतं त्यानं ते बाहेर काढलं. ताईंच्याही मनानं घेतलं की पुस्तक संमेलनात यावं. प्रकाशकांनी तसं कबूल केलेलं नव्हतं. तारीख ताईंनीच स्वतःवर लादून घेतलेली.

ऑगस्टअखेरपासून जानेवारीपर्यंतचा त्यांचा दिनक्रम त्यांनीच मला नंतर सांगितला. रात्री साडेदहाला बसायचं, यजमानांचा फोन येईपर्यंत लिहायचं, मग "आता जागीच आहे तर" म्हणून पुढे दीडपर्यंत. पहाटे साडेपाचला उठायचं. संध्याकाळचं फिरणं बंद झालं, मैत्रिणींबरोबरची भिशी सुटली, रविवार तर पूर्ण कादंबरीलाच. डिसेंबरात मानेला पट्टा आला, पित्त नेहमीचं झालं. वर्गात कधी आवाज न चढवणाऱ्या बाई पोरांवर खेकसायला लागल्या. जानेवारीत शाळेतल्या तपासणी शिबिरात रक्तदाब १५०/९६ निघाला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न झोपेचा विचारला. मोठ्या माणसाला रोज किमान सात तास झोप हवी अशी अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनांची २०१५ ची शिफारस आहे, ताईंची चारावर आली होती.

आता मला जे महत्त्वाचं वाटतं ते. या पाच महिन्यांत कादंबरी सुधारली का? जानेवारीत आलेली फाइल मी आधीच्या फाइलशेजारी ठेवून वाचली. एका प्रसंगात वाऱ्यानंतर आजी नातसुनेला म्हणते. आधी होतं:

"केयीचं पान फाटलं म्हनून बाग गेली आसं म्हनू नही, माय."

आता झालं होतं:

"केळीचं पान फाटलं म्हणून बाग उद्ध्वस्त झाली असं समजू नये, बाळ."

केळीचं पान वाऱ्यानं चिरतंच, चिरलं की वारा त्यातून निघून जातो आणि झाड वाचतं. हे मळ्यात आयुष्य काढलेल्या बाईनं "समजू नये" अशा आवाजात सांगायचं? ते तर शिक्षकदिनाच्या भाषणातलं झालं. असे बदल पानोपानी. बांधणीला मात्र हात लागलेला नव्हता. ९० हजारांचे ८७ हजार झाले होते, तेही विशेषणं काढून.

माझं निदान त्यातून आलं. थकलेलं डोकं वाक्याशी खेळू शकतं, प्रकरणाशी नाही. प्रकरण उचलून दुसरीकडे ठेवायचं तर आधीचं-पुढचं सगळं एका वेळी डोळ्यांपुढे लागतं, आणि ते रात्री एक वाजता लागत नाही. म्हणून रात्री बसणारा माणूस जे जमतं ते करतो: वाक्य घासतो. बरं असलेलं वाक्यही घासतो, आणि शाळेत मराठी शिकवणारा असला तर ते शुद्ध करून ठेवतो. ताईंना कष्ट कमी पडत नव्हते. बांधणीची दुरुस्ती टळत होती आणि रोज काम केल्याचं समाधान मिळत होतं, म्हणून ती टळते आहे हे दिसतही नव्हतं.

जात्यावरच्या कवितेचा दाखला

ताईंना या काळात घरच्यांनी, सहकाऱ्यांनी, एका निवृत्त मुख्याध्यापकांनीसुद्धा एकच दाखला दिला: बहिणाबाईंनी नाही का संसार, शेत सांभाळून केलं? आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) आमच्या विद्यापीठाच्या नावात आहेत, घराघरात आहेत, आणि आमच्याकडे लिहिणाऱ्या प्रत्येक बाईच्या डोक्यावर हा दाखला आपटला जातो. मला तो पटत नाही. त्यांना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात जे सुचलं ते ओठांवर राहिलं, मुलानं, सोपानदेवांनी, जपलं, आणि पुस्तक निघालं ते त्या गेल्यावर, १९५२ मध्ये. ओवी तोंडात धरून दळता येतं. २८ प्रकरणं तोंडात धरून पोळ्या लाटता येत नाहीत. शिवाय दळताना सुचणं वेगळं आणि सुचलेलं मोडून पुन्हा बांधणं वेगळं. या दुसऱ्या कामाला सलग वेळ, टेबल आणि झोप लागते. हे उघड बोललं की आगाऊपणा वाटतो, तरी बोललं पाहिजे.

फेब्रुवारी: हस्तलिखित घराबाहेर

संमेलन झालं. ताई तीन दिवस जाऊन आल्या, पुस्तकं घेतली, ओळखी झाल्या, आणि आपलं पुस्तक नसल्याचं दुःख दुसऱ्या दिवशी दुपारीच विसरल्या असं त्या सांगतात. परतल्यावर आम्ही ठरवलं की मार्चपर्यंत कादंबरी उघडायची नाही. छापील प्रत माझ्याकडे, लॅपटॉपमधली फाइल पेन ड्राइव्हवर, तोही माझ्याकडे. ताई म्हणाल्या, "भाऊ, दागिने गहाण टाकल्यासारखं वाटतंय." पण त्यांनी टाकले.

या मधल्या काळात त्यांनी एवढंच केलं: शाळेतल्या कोऱ्या चार्ट पेपरवर प्रकरणांचा तक्ता. आठवणीतून, हस्तलिखित न बघता. प्रकरण, कोण आहे, कोणतं वर्ष, कोणता हंगाम, शेवटी काय बदललं. हंगामाचा रकाना ताईंची स्वतःची भर. केळीच्या लागवडीचे आपल्याकडे दोन हंगाम, जून-जुलैची मृगबाग आणि पावसाळा सरताना लागणारी कांदेबाग. कोणत्या प्रकरणात बाग कोणत्या अवस्थेत आहे हे लिहिलं की महिना आपोआप बाहेर पडतो.

आणि सातव्या प्रकरणावर तक्ता अडकला.

सातवं प्रकरण अधिवेशनाचं. नऊ वर्षांची पोर बापाबरोबर बैलगाडीतून फैजपूरला जाते. कादंबरीत रणरणतं ऊन होतं, ओल्या पंचानं झाकलेले माठ होते, पोरीला तहान लागते, पाण्याच्या शोधात ती गर्दीत हरवते, आणि त्या हरवण्यावर पुढची चार प्रकरणं उभी होती. फैजपूरचं अधिवेशन भरलं डिसेंबर १९३६ च्या अखेरीस. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन, जवाहरलाल नेहरू अध्यक्ष, नंदलाल बोसांनी बांबू आणि गावठी साहित्यातून केलेली सजावट. हे सगळं ताईंना पाठ होतं, सजावटीचं वर्णन तर उत्तम उतरलं होतं. पण तापी खोऱ्यातला डिसेंबर म्हणजे पहाटे हाडं गोठवणारी थंडी, केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात. तहानेनं कासावीस व्हायचं ते दिवस नव्हेत.

दोन खर्ड्यांत हे निसटलं होतं. तहानेचा परिच्छेद मात्र त्या पाच महिन्यांत इतक्यांदा घासला होता की तो कादंबरीतला सर्वांत गुळगुळीत परिच्छेद झाला होता. माझ्या निदानाला याहून चांगला पुरावा मला मिळाला नसता.

ताई दोन दिवस रडवेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी फोन आला: पोर पाण्यासाठी जातच नाही, शेकोटीसाठी जाते. बांबूच्या कमानीपलीकडे स्वयंसेवकांनी पेटवलेली शेकोटी, तिथे ती ऊब घेत झोपून जाते, आणि बाप इकडे शोधतो. शिवाय बाप नुकतीच लावलेली कांदेबाग थंडीत वाऱ्यावर सोडून आलाय, हे त्याच्या मनाला खातंय. पुढच्या चार प्रकरणांतली दोन त्यामुळे गरजेचीच राहिली नाहीत. विशेषणं काढून तीन हजार शब्द गेले होते, इथे एका फोनमध्ये अकरा हजार गेले.

सुट्टी नावाचं मृगजळ

आता वेळेचा प्रश्न. ताईंचं उत्तर तयार होतं, शिक्षकांचं असतंच: मे महिन्याच्या सुट्टीत करू. आम्ही कागद घेऊन २०२४ चा उन्हाळा मांडला. मार्च-एप्रिल दहावीचे पेपर तपासणं. त्याच दिवसांत ज्वारीचे बिबडे, पापड, कुरडया करून वाळवणं, कारण ऊन तेव्हाच कडक. एप्रिलमध्ये निवडणुकीची प्रशिक्षणं, १३ मेला रावेर मतदारसंघाचं मतदान, म्हणजे दोन दिवस मतदान केंद्रावर. १० मेला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, नणंदा माहेरी येणार, झोके, गौराईची गाणी, आमरस, खापरावरचे मांडे. लग्नं वेगळीच. आणि पारा ४४-४५ वर, लोडशेडिंगमध्ये लॅपटॉपही नको म्हणतो. खान्देशातल्या गृहिणीचा सर्वांत भरगच्च महिना जर कोणता असेल तर तो मे. तिथे आपण वर्षातलं सर्वांत अवघड काम टाकत होतो.

म्हणून उन्हाळा काढून टाकला. जड काम शाळेच्या चालू दिवसांत आणलं. शनिवारी शाळा सकाळची, साडेअकराला सुटते. ताईंनी मुख्याध्यापकांकडून वाचनालयाची किल्ली मागून घेतली आणि शनिवारी दुपारी दोनपर्यंत तिथे बसायला लागल्या. घरी त्या एरवीही दोनलाच पोचतात असा समज होता, तो कोणी मोडला नाही. बांधणीचं काम, कापाकापी, नवीन प्रसंग, सगळं फक्त तिथे. दिवसाची लाईट असलेल्या आठवड्यात बुधवारी पहाटे आणखी एक बैठक. रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात शनिवारखेरीज जड काम नाही, कितीही हुरूप आला तरी. हलकं काम, म्हणजे नावांची एकवाक्यता, टायपातल्या चुका, एका पात्राचं वय, हे ऑफ तासाला किंवा दवाखान्यात नंबर येईपर्यंत मोबाइलवर. रात्री साडेनऊनंतर कादंबरी बंद.

शेवटची अट सर्वांत जड गेली. रात्री लिहिणं थांबलं तरी डोक्यातलं थांबेना. वर्गात कर्मणी प्रयोग शिकवताना शेकोटी दिसायची, शेकोटी लिहिताना शाळेचे फॉर्म. यावर थोडं संशोधन आहे. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग मागेच रेंगाळतो आणि दुसरं कामही बिघडतं. पुढे २०१८ मध्ये त्यांनी आणि थेरेसा ग्लोम यांनी त्यावर सोपा उपाय तपासला: सोडण्यापूर्वी, कुठवर आलो आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं हे मिनिटभर लिहून ठेवायचं. रेंगाळणं कमी होतं. त्याच वर्षी मायकल स्कलिन यांच्या प्रयोगात ५७ तरुणांपैकी ज्यांनी झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिली, ते झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोपले, सरासरी नऊ मिनिटांनी. नऊ मिनिटं म्हणजे फार नाही. पण रात्री बाराला मोटरसाठी उठणाऱ्या घरात नऊ मिनिटंही कमी नाहीत.

ताईंनी एक शंभरपानी वही केली. प्रत्येक बैठकीच्या शेवटची दहा मिनिटं तिच्यासाठी. एक नोंद इथे देतो, त्यांच्याच अक्षरातून उतरवून:

"प्र. ११. थोरली विहिरीवरून परतते तिथे थांबले. पुढे: जाऊ तिला काहीच विचारत नाही, हे दाखवायचं. चहा नको, फार झाले चहा. भाकरी थापण्याचा आवाज चालेल. पहिलं वाक्य: धाकटीनं मान वर केली नाही."

अशी नोंद असली की पुढच्या शनिवारी त्या थेट धाकटीपाशी बसत. आधी पाऊण तास मागचं वाचण्यात जायचा, आणि वाचता वाचता घासण्यात.

वाचून दाखवणं

जे ठरवलं नव्हतं तेच सर्वांत उपयोगी ठरलं. जून सुरू होता होता वादळ झालं, निम्मी बाग आडवी. घडांचं वजन आलेलं, महिनाभरात काढणी होती. पंचनामे, तलाठ्याकडे खेपा, यजमान बोलेनासे झालेले. त्या दोन-तीन आठवड्यांत शनिवारची बैठकही बंद ठेवली, आणि ते योग्यच होतं. बाग पडलेल्या घरात बाई किल्ली घेऊन वाचनालयात बसू शकत नाही, बसावंही नाही. पण दुपारी सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल लावताना ताई सहज एक प्रकरण वाचून दाखवायला लागल्या. म्हातारी डोळे मिटून ऐकायची. मध्येच हात वर करायची.

"आसं कोनी बोलत नही."

मग कसं बोलतात, ते सांगायची. "समजू नये" तिथेच पडलं, "म्हनू नही" परत आलं. एका ठिकाणी कानबाईच्या, म्हणजे आमच्याकडे श्रावणात बसणाऱ्या देवीच्या, नैवेद्याच्या रोटाचं दळण कादंबरीत बाजारातून आलं होतं, त्यावर तर आजीबाई चक्क उठून बसल्या. रोटाचं धान्य घरात, सोवळ्यात दळायचं असतं आणि ते पीठ घरच्यांनीच संपवायचं असतं. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी त्यांच्याकडे कानबाई बसली तेव्हा ते प्रकरण पुन्हा वाचलं गेलं, नणंदांसमोर, आणि दोन नणंदांनी दोन परस्परविरोधी दुरुस्त्या सांगितल्या. ताईंनी दोन्ही ठेवल्या, कादंबरीतल्या नणंदांच्या तोंडी.

मी एकदा मोबाइलवर बोलून टाइप करण्याचं सुचवलं होतं, हाताला आराम म्हणून. ताईंच्या फोननं "मियते"चं "मिळते" केलं आणि "केयी"चं "केली". तो नाद तिथेच सुटला.

निष्पत्ती

तिसरा खर्डा जानेवारी २०२५ मध्ये पूर्ण झाला, ६३ हजार शब्दांचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची ड्यूटी आली तेव्हा एक आठवडा सोडला तर शनिवार फारसे चुकले नाहीत. तासांचा हिशेब केला तर आदल्या वर्षीच्या पाच महिन्यांत जेवढे तास गेले त्याच्या निम्म्यानंही काम लागलं नाही, असा माझा अंदाज आहे.

तब्येतीबद्दल गोड चित्र रंगवणार नाही. रक्तदाबाची गोळी एप्रिल २०२४ मध्ये सुरू झाली ती चालू आहे. झोप साडेसहा तासांवर आली, रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात पाचावर. संध्याकाळचं फिरणं परत सुरू आहे. उन्हाळ्यात पापड-लोणच्यावर हात आखडता घ्या असं डॉक्टरांनी सांगितलं, ते मात्र खान्देशी घरात सांगणाऱ्यानंही मनावर घेऊ नये असंच सांगितलं जातं. यजमानांनी कादंबरी अजून वाचलेली नाही. "छापून आली का वाचतो," म्हणतात. ताईंना याचं वाईट वाटतं, आणि यावर माझ्याकडे काही उपाय नाही. वाचनालयाची किल्ली मिळाली ती मुख्याध्यापक समजूतदार होते म्हणून. बदली झाली असती तर सगळी मांडणी कोसळली असती. हे प्रकरण दुसऱ्या कुणी जसंच्या तसं उचलावं असं मी म्हणणार नाही.

प्रकाशकांनी खर्डा स्वीकारला. फेब्रुवारीअखेर त्यांचा फोन आला: अक्षरजुळणी सुरू करतो, मार्च-एप्रिलमध्ये प्रूफं पाठवतो, लवकर तपासून द्या. युनिकोडमधला मजकूर त्यांच्या फॉण्टमध्ये नेताना बोलीतली जोडाक्षरं तुटतात, "ऱ्ह"चं काय होईल सांगता येत नाही, तेव्हा प्रत्येक संवाद अक्षर अक्षर बघावा लागणार. ताईंनी दुसऱ्या दिवशी उलट फोन केला. प्रूफं जूनच्या पंधरा तारखेनंतर पाठवा, शाळा उघडली की, म्हणाल्या. प्रकाशक म्हणाले, अहो, सुट्टी तर मे महिन्यात असते ना तुम्हाला? ताई म्हणाल्या, "असते की. पण तेव्हा बिबडे असतात."